चौथा गिअर पडेना!

डिसेंबरची सकाळ, वेळ साडेसहा. कर्जतच्या घरासमोर उभ्या गाडीच्या काचा दवाने पांढऱ्या झालेल्या आणि माझ्या डोक्यात साडेनऊची वाशीतली मीटिंग. बाबांची जुनी ऑटोमॅटिक सेडान काढली, चौकवरून जुन्या हायवेला लागले. ऐंशीचा स्पीड आला, पण आरपीएमचा काटा तीन हजारांवरून खाली यायचं नावच घेईना! इंजिन आपलं ओरडतंय... पार पनवेलपर्यंत.

चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये चौथा म्हणजे ओव्हरड्राइव्ह. त्यात इंजिन कमी फिरतं आणि गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा शाफ्ट जास्त. म्हणून हायवेला आवाज कमी, पेट्रोलही कमी. तोच पडेना. लिव्हरवरचं बटण चुकून दाबलं गेलं की डॅशबोर्डवर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो. तो बंद होता. म्हणजे माझा वेंधळेपणा नव्हता. (पहिल्यांदाच!)

शहरातल्या एका गॅरेजने निदान केलं : गिअरबॉक्स उघडावा लागेल. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त. फ्रीलान्सरच्या बँक बॅलन्सला एवढा विनोद झेपत नाही. मी गुपचूप गाडी विकायचं ठरवलं. अवघड होतं ते बाबांना सांगणं. ऑगस्टपासून त्यांचा उजवा हात थरथरतो, त्यांनी स्टिअरिंग सोडलंय. तरी रोज सकाळी गाडी पुसतात. गाडी विकायची म्हणजे ‘बाबा, आता तुम्ही चालवणार नाही’ हे मोठ्याने म्हणायचं. ते मला जमेना.

रविवारी मैत्रिणीकडे लोणावळ्याला गेले. घाट चढून वर पोचल्यावर चौथा गिअर मस्त पडला! परत येताना मात्र घाट उतरून खालापूरच्या सपाटीवर आले आणि पुन्हा तीच रड. वैतागून तिथल्याच एका छोट्या गॅरेजपाशी गाडी थांबवली.

काकांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, ही सुई बघा.” टेंपरेचरची सुई पार तळाला, घाट उतरून आल्यावरही. “इंजिन गरमच होत नाय. थंड इंजिनला कॉम्प्युटर ओव्हरड्राइव्ह देत नाय. घाट चढताना जोर लागतो, तेव्हा गरम होतं, मग देतो. गिअरबॉक्सला कशाला हात लावता?”

त्यांनी आधी गिअरबॉक्सचं ऑइल तपासलं. रंग लाल, जळका वास नाही. मग इंजिन निवल्यावर थर्मोस्टॅटची जागा उघडली. आत थर्मोस्टॅटच नव्हता! इंजिन पुरेसं तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा हा छोटासा व्हॉल्व्ह. तोच नसेल तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि थंडीत इंजिन गारठलेलंच राहतं. उन्हाळ्यात काही कळत नाही. हिवाळा आला की बिंग फुटतं.

घरी येऊन बाबांना विचारलं. ते आधी गप्प. मग म्हणाले, “मे महिन्यात घाटात गाडी तापली होती. रस्त्यावरच्या मेकॅनिकने काढून टाकला, मीच हो म्हटलं. नंतर परत बसवायचा होता...” बाबा रेल्वेतून रिटायर्ड. कर्जतला घाटासाठी गाडीला मागून बँकर इंजिन लावतात, वर पोचलं की काढतात. “जन्मभर लावायचं-काढायचं वेळेवर केलं,” ते हसले, “आणि इथेच विसरलो बघ.” हसताना हात मांडीखाली दाबून धरला होता. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

नवा थर्मोस्टॅट आणि कूलंट, मजुरीसकट खर्च एका वीकेंड डिनरएवढा. निघताना काकांनी बजावलं, थंडीत पहिली काही मिनिटं गाडी हळू चालवा, लगेच दामटू नका.

दुसऱ्या दिवशी बाबांना शेजारी बसवलं आणि चौकच्या रस्त्याला लागले. सुई हळूहळू मधोमध आली. विक्रीचं मी कधीच बोलले नव्हते, पण त्यांना अंदाज असावा. ते डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत होते. काटा खाली यायच्या आतच म्हणाले, “पडला.”

गाडी अजून आमच्याकडेच आहे. बाबा आता डावीकडे बसतात.