मुखवट्याचे मोल

जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून निघालेली फेरीबोट ब्रह्मपुत्रेच्या विस्तीर्ण पात्रातून माजुली बेटाला लागते. सुट्टीसाठी येथे येणारा प्रवासी परतताना बहुधा एखादा मुखवटा घेऊन जातो. तो सामागुरी सत्रात घडलेला असतो : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर मातीत भिजवलेले कापड, मग शेणमातीचा लेप आणि अखेर रंग. शंकरदेवांच्या परंपरेतील ‘भाओना’ हे त्याचे मूळ स्थान. २०२४ साली माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकनही लाभले.

दिवाणखान्यात टांगण्याजोगा छोटा मुखवटा ही त्या नाट्यधर्माची अवनतीच नव्हे काय, असा आक्षेप कुणी घेईल. तो सर्वस्वी निराधार नाही. परंतु प्रयोगाचे दिवस मोजके असतात आणि कारागिराचे पोट मात्र बारमाही असते. छोटा मुखवटा विकला गेला, तरच मोठा मुखवटा घडवणारे हात बेटावर राहतात.

हे राहणेच येथे दुर्घट झाले आहे. १९५० च्या भूकंपानंतर धूप वाढत गेली. शतकापूर्वीच्या बेटाचा मोठा भाग आज उरलेला नाही. सालमोऱ्याच्या स्त्रिया चाकाविना मडकी घडवतात ती नदीकाठच्या मातीची; तोच काठ नदी गिळते आहे. धूप थांबवणे प्रवाशाच्या हाती नाही. मिसिंग कुटुंबाच्या चांगघरात उतरणे, तेथेच जेवणे आणि मुखवटा घडवणाऱ्याच्याच हाती त्याचे मोल देणे, एवढे मात्र त्याला करता येते.