पळसदरीच्या रस्त्यावर लहान मोटारींची पारख

पळसदरी हें नांव बहुतेक वाचकांना आगगाडीच्या खिडकींतून ठाऊक असेल. कर्जतेस गाडी थांबते, पुढच्या चढासाठीं मागें जादा इंजिनें लागतात, फलाटावर बटाटेवड्यांची देवघेव उरकते, आणि गाडी पुन्हां चालूं लागल्यावर थोड्याच वेळांत हें लहानसें स्टेशन मागें पडतें. येथें लोहमार्गाचे दोन फांटे होतात. एक केळवली, डोलवली, लौजी अशीं चिमुकलीं स्टेशनें घेत खोपोलीस जातो. दुसरा एकदम सह्याद्रीस भिडतो. खोपोलीचा फांटा १८५६ सालचा आणि घाटांतला १८६३ सालचा. मधल्या सात वर्षांत मुंबईचे उतारू खोपोलीस उतरत आणि पालखी, तट्टू, बैलगाडी यांपैकीं जें ज्यास परवडेल त्यानें खंडाळा गांठीत.

स्टेशनाजवळचा तलाव वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठीं बांधण्यांत आला. वाफेचीं इंजिनें गेलीं, तलाव राहिला. जवळच स्वामी समर्थांचा मठ आहे. पावसाळ्यांत डोंगरावरून इतके ओहोळ उड्या घेत खालीं येतात कीं, कोणत्या एकास धबधबा म्हणावें हा प्रश्न पडतो. आणि फाल्गुनांत पळस फुलला म्हणजे गांवाच्या नांवाची फोड कोणास विचारावी लागत नाहीं.

परंतु हल्लीं येथें येणारा मनुष्य पुष्कळदां आगगाडीनें येत नाहीं, मोटारीनें येतो. चौकाकडून कर्जतेस यावें, कर्जतेहून पळसदरी, तेथून लोहमार्गाच्या सोबतीनें खोपोली, आणि खोपोलीहून जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें शिंग्रोबाच्या देवळावरून खंडाळ्यास चढावें, अशी ही वाट आहे. मोटारीची परीक्षा पाहावयाची तर इतक्या थोड्या अंतरांत इतके निरनिराळे प्रश्न विचारणारा रस्ता मला तरी दुसरा माहीत नाहीं. दुकानदार आपणांस मोटार देतो ती शहरांतल्या सरळ रस्त्यावर दहा मिनिटें फिरवावयास; तेथें सगळ्याच मोटारी शहाण्या असतात.

हें सर्व लिहिण्यास निमित्त झालें तें आमच्या पुतण्याचें. त्यास नोकरी लागून दोन वर्षें झालीं होतीं, दहा-अकरा लाखांपर्यंत खर्च करण्याची त्याची तयारी होती, आणि त्यास 'स्पोर्टी' मोटार पाहिजे होती. थोरल्या बंधूंचें म्हणणें असें कीं, घरांत येणारी मोटार ही एकट्याची नसते. तींत आई बसणार, वहिनी बसणार, लेकुरवाळी पुतणी बसणार. "दादा, वेगासाठीं नव्हे, चालविण्यांतल्या आनंदासाठीं घ्यावयाची आहे," असें मी पुतण्याच्या वतीनें सांगून पाहिलें. "तो आनंद दरींत जाऊन संपूं नये, एवढेंच," असें उत्तर मिळालें. हें उत्तर कठोर वाटेल. परंतु एप्रिल २०२३ मध्यें शिंग्रोबाच्या देवळाजवळ एक बस दरींत कोसळून तेरा माणसें दगावलीं, ती गोष्ट तेव्हां ताजीच होती.

योगायोगानें २०२४ च्या दिवाळीनंतर कुटुंबांतील मंडळी मठांत दर्शनास जमली, तेव्हां पांच निरनिराळ्या लहान मोटारी एकाच झाडाखालीं उभ्या राहिल्या. दादांची २०१८ ची स्विफ्ट, धाकट्या बंधूंची २०१६ ची पोलो जीटी, भाच्याची नवी आय-ट्वेंटी एन लाइन, मेव्हण्यांची अल्ट्रॉझ रेसर, आणि भाच्याच्या एका मित्राची, जिवापाड सांभाळलेली, अबार्थ पुंटो. दर्शन आणि जेवण झाल्यावर पुतण्यानें व मी प्रत्येक मोटार पाळीपाळीनें खोपोलीवरून शिंग्रोबापर्यंत नेऊन परत आणली. दिवस त्यांतच मावळला.

मोटारींकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. चार मीटरांहून आंखूड आणि बाराशे घन सेंटिमीटरांपर्यंतच्या पेट्रोल इंजिनाची मोटार असेल तर तीस करांत सवलत, असा सरकारी नियम २००६ पासून आहे. आपल्या देशांतील लहान मोटारीचा आकार आणि तिचें इंजिन हीं अशा रीतीनें अंदाजपत्रकानें ठरविलीं आहेत. बाराशेच्या मर्यादेंत जोर वाढवावयाचा तर एक मार्ग उरतो, तो टर्बोचा : बाहेर टाकावयाच्या धुराच्याच दाबानें एक भिंगरी फिरवावयाची आणि तिच्याकरवीं इंजिनांत जादा हवा कोंबावयाची. पोलो जीटीचें इंजिन असें बाराशेच्या आंतलें, १०५ अश्वशक्तीचें. अल्ट्रॉझ रेसरचेंहि बाराशेच्या आंतलें, १२० चें. एन लाइनचें तर हजाराहूनहि किंचित् कमी, तरी १२० चें. अबार्थ पुंटोनें मात्र हा नियमच झुगारला. १३६८ घन सेंटिमीटर, १४५ अश्वशक्ति, आणि किंमत २०१५ सालीं दहा लाखांच्या किंचित् आंत. एवढ्या पैशांत एवढा जोर देणारी मोटार तेव्हां आपल्याकडे दुसरी नव्हती.

स्विफ्टपासून आरंभ केला. तिचें वजन सुमारें पावणेनऊशें किलो. पांचांत सर्वांत हलकी. तिला टर्बो नाहीं, तिचें ८३ अश्वशक्तीचें इंजिन आनंदानें वर वर फिरतें, आणि अंग हलकें असल्यामुळें पळसदरी ते खोपोली या अरुंद रस्त्यावर, जेथें समोरून एस. टी. आली कीं कडेला व्हावें लागतें, ती एखाद्या शेळीसारखी चपळ वाटते. घाट लागला म्हणजे गीअर वरचेवर बदलावे लागतात. कोणास हा जाच वाटेल. मला नाहीं वाटला. मोटार हांकणें म्हणजे हात, पाय आणि कान यांचें एकमत, हें शिकावयाचें तर अशीच मोटार हवी. स्टिअरिंग मात्र इतकें मऊ कीं, पुढचीं चाकें नक्की काय करीत आहेत हें हातांस पुरतें कळत नाहीं. शहरांतल्या गल्लींत जें सुख, तेंच घाटांत मौन.

पोलोंत बसल्यावर पहिला फरक जाणवतो तो मौनाचाच, पण निराळ्या अर्थानें. केळवलीच्या अलीकडे पावसाळ्यानें उखडलेला एक तुकडा होता, तेथें चाकांचा आवाज आला, आंतल्या वस्तूंचा आला नाहीं. मोटार आठ वर्षांची होती, हें ध्यानांत घ्यावें. वजन सुमारें अकराशें किलो, आणि तें वजन कोठें खर्ची पडलें आहे तें अशा तुकड्यावर कळतें. हिचे गीअर आपोआप बदलतात. पुतण्यास तें अपुरें वाटलें, "काका, यांत आपण करावयाचें काय?" असें तो म्हणाला, परंतु वळण संपतां संपतां पायाखालीं जो शांत, भरीव जोर मिळतो त्याची त्यानेंहि दाद दिली.

आणि मग पुंटो. येथें मला थोडें थांबूं द्यावें, कारण अशी मोटार पुन्हां निघण्याचा संभव दिसत नाहीं. तिचें स्टिअरिंग तेलाच्या दाबावर चालणारें, जुन्या पद्धतीचें. उभी असतांना जड लागतें. घरच्या बायकांनीं ती कां हातीं घ्यावी असा प्रश्न भाच्याच्या मातुःश्रींनीं विचारला तो यामुळेंच. परंतु घाटांत तेंच स्टिअरिंग बोलूं लागतें. वाळू आली, डांबर गुळगुळीत झालें, चाकांनीं पकड सैल केली, सर्व तळहातांस आधीं कळतें. टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर कांहींच घडत नाहीं, आणि मग एकदम जें घडतें त्यास चारी चाकांच्या डिस्क-ब्रेकांची जोड होती म्हणूनच मन स्वस्थ राहतें. नवशिक्याच्या हातीं ही देऊं नये. आसनावरची बैठक थोडी उंच, पायांजवळची जागा अडचणीची, आंतील सजावट जुनाट. हे दोष तिचा मालक स्वतःच सांगत होता, आणि सांगतांना त्याचा हात तिच्या टपावर होता.

एन लाइनचें सर्वच नेटकें. स्प्रिंगा सामान्य आय-ट्वेंटीहून कडक, स्टिअरिंगला भार अधिक, मागेंहि डिस्क-ब्रेक, धुराच्या नळीला एक कृतक गुरगुर. हातीं घेतल्यापासून पांच मिनिटांत ती आपली होते. अल्ट्रॉझ रेसर तितकी चटपटीत नाहीं. तिचा क्लच व गीअर यांशीं ओळख व्हावयास वेळ लागतो, आणि मागचे ब्रेक साधे ड्रमचे आहेत. परंतु वेगानें घेतलेल्या वळणांत ती ज्या ठामपणानें रस्त्यास चिकटून राहते त्यानें दादादेखील चकित झाले. तिचीं दारें काटकोनांत उघडतात, ही गोष्ट कोणत्याहि पुरुषाच्या ध्यानांत आली नाहीं. ती आईनें सांगितली. पांचही मोटारींत बसून उतरून पाहिल्यावर तिनें आपलें मत हिच्या पदरांत टाकलें, तें या दारांसाठीं.

आतां बांधणीचा प्रश्न. मोटार घ्यावयास गेलेला आपल्याकडील गृहस्थ प्रथम काय करतो? दार लावून पाहतो. 'ढप्' असा भारदस्त आवाज आला कीं मोटार मजबूत! हा समज अगदीं खोटा नाहीं, पण फार अपुरा आहे. दाराचा आवाज हा रबराच्या पट्ट्यांवर आणि आंत बसविलेल्या आवाज-शोषकांवर पुष्कळसा अवलंबून असतो; टकरींत माणूस वांचतो तो सांगाडा न चेपल्यामुळें, आणि पट्टा व हवेची पिशवी यांमुळें. ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०१४ सालीं हिंदुस्थानांतील पोलो दोनदां आपटून पाहिली. हवेच्या पिशव्या नसलेल्या पोलोस शून्य तारे मिळाले आणि दोन पिशव्या असलेल्या पोलोस चार. सांगाडा तोच, दाराचा आवाज तोच! त्यानंतर कंपनीनें सर्वच पोलोंत पिशव्या बसविल्या. त्याच वर्षीं पिशव्यांवांचूनच्या स्विफ्टला शून्य, आणि २०१८ सालीं पिशव्यांसह दोन तारे मिळाले. दोन्ही वेळां सांगाडा अस्थिर ठरला. आय-ट्वेंटीस २०२२ मध्यें तीन, तिचाहि सांगाडा अस्थिर. सामान्य अल्ट्रॉझला जानेवारी २०२० मध्यें पांच तारे, आणि सांगाडा स्थिर. चटपटीतपणा आणि मजबुती या दोन निराळ्या वस्तु आहेत, हें या आंकड्यांवरून ध्यानांत यावें. भाचा हे आंकडे ऐकून गप्प झाला. तथापि आपली मोटार त्यानें बदललेली नाहीं, आणि रोजच्या वापरांत तो तिच्यावर संतुष्ट आहे.

मला अधिक खंत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या झाडाखालच्या पांचांपैकीं तीन मोटारी महाराष्ट्रांत घडलेल्या होत्या. पोलो चाकणची, पुंटो रांजणगांवची, अल्ट्रॉझ पिंपरीची. त्यांतील पुंटो कधींच बंद झाली, आणि पोलोचें उत्पादन २०२२ मध्यें थांबलें. तत्पूर्वीं कुर्ल्यास निघणारी पॅलिओ होती. २००१ सालीं तिच्या सोळाशेच्या इंजिनानें तरुणांस वेड लावलें आणि पेट्रोलच्या बिलानें त्यांच्या वडिलांस. आपण दुकानांत शिरल्याबरोबर लिटरमागें किलोमीटर किती हें विचारतों. स्टिअरिंग हातांशीं काय बोलतें, हें विचारणारा शेंकड्यांत एखादा. तो एखादा पुंटो घेई, आणि उरलेले तिच्याकडे कौतुकानें पाहून दुसरी मोटार घेऊन घरीं जात.

कुर्ल्याच्या त्या मोटारधंद्याचें मूळहि याच डोंगराशीं येऊन पोंचतें. बोरघाटांतील लोहमार्गाचे बोगदे खोदण्याचें काम ज्यांच्या कंपनीनें केलें, त्या वालचंद हिराचंदांनींच पुढें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आणि आमच्या वडिलांच्या पिढीची फिएट, पुढची पद्मिनी, ती तेथलीच. ती शिंग्रोबाच्या चढावर तापे. मग बॉनेट उघडून, देवाला नाणें वाहून, अर्धा तास दरीकडे पाहत बसावयाचें. आतांच्या मोटारी तापत नाहींत, त्यामुळें शिंग्रोबास पुष्कळांचें नाणें चालत्या मोटारींतूनच पडतें.

पुतण्यानें अखेर अल्ट्रॉझ रेसर घेतली. निर्णय त्याचा होता, आणि त्यांत आईच्या दारांचा वांटा किती व पांच ताऱ्यांचा किती, हें त्यानें आम्हांस सांगितलें नाहीं. पोलोच्या गाढ शांततेची आठवण तो अजून काढतो.

ज्यांना मोटार घेण्यापूर्वीं ही फेरी करावयाची असेल त्यांनीं थोडी पूर्वतयारी करावी. दुकानदाराकडून मोटार निदान दोन तासांसाठीं मागावी, आणि ज्यांस त्या मोटारींत नेहमीं बसावयाचें आहे त्या सर्वांस बरोबर घ्यावें. एकटा चालक बसला असतां कोणतीहि मोटार चपळच वाटते. टायरांतील हवा आधीं तपासावी. उखडलेल्या रस्त्यावर खिडक्या लावून, बोलणें बंद ठेवून ऐकावें. उतारावर ब्रेकवर पाय दाबून न धरतां, ज्या गीअरमध्यें चढलों त्याच गीअरमध्यें उतरावें, म्हणजे इंजिन मोटारीस किती आवरून धरतें तें कळतें. सुट्टीचे दिवस आणि आषाढ-श्रावण टाळावे. तेव्हां तलाव व धबधबे पाहणाऱ्यांची दाटी होते, आणि घाटांत धुकें. माघ-फाल्गुनांत, सकाळीं सातच्या सुमारास, कर्जतेहून निघालें तर रस्ता मोकळा मिळतो, आणि नऊच्या आंत मठांत दर्शनासहि पोंचतां येतें.