कमरेचा कोयता

रानात जाताना कोणतं हत्यार घ्यावं हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. बाप्यांनी कोयता, बायांनी विळा, विषय संपला. मी मुळशी तालुक्यातल्या कासार आंबोलीत वाढले तेव्हा पौड रस्त्याला आताएवढी वर्दळ नव्हती आणि घरामागच्या डोंगरावर जायला निमित्त लागायचं. निमित्त म्हणजे काम. गवत, फाटी, करवंदं, नाहीतर दाढीसाठी टहाळ.

मुळशीत भाताची रोपं टाकायच्या आधी वाफा भाजतात, त्याला दाढ भाजणं म्हणतात. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत, वर मातीचा पातळ थर, आणि उन्हाळा सरता सरता एका संध्याकाळी वारा बघून आग. यातला टहाळ हिवाळ्यात, भात घरात आल्यावर तोडायचा. ऐनाचा, किंजळीचा. आमचे आबा झाडावर चढायचे तेव्हा त्यांचे दोन्ही हात मोकळे असायचे, कारण कोयता मागे कमरेला, आकडीत. दोरीनं कमरेला बांधलेली ती आकडी हे मला अजूनही सगळ्या जगातल्या म्यानांपेक्षा हुशार काम वाटतं. पात्याच्या बाकात ती बरोबर बसते, कोयता हलत नाही, आणि हात मागे नेला की मूठ आपसूक पंजात येते. चामडं नाही, बटण नाही, पावसात कुजायला काही नाही.

कोयत्याचा बाकही शोभेसाठी नसतो. लांबची फांदी चोचीनं ओढून जवळ घ्यायची, मग घाव. घाव खालून वर, तिरका. वरून खाली मारला तर फांदी मोडताना सालीची लांब पट्टी सोलत जाते आणि ती जखम झाड पावसाळाभर वागवतं. शेंड्याला हात लावायचा नाही, नाहीतर पुढच्या वर्षी टहाळ कुठून मिळणार? आबांना हे कुणी पर्यावरण म्हणून शिकवलं नव्हतं. त्यांना पुढच्या वर्षीही भात लावायचा होता.

मला मिळाला तो विळा. गवत कापायला दातेरी, तोही आजीचा, झिजून निम्मा झालेला. फाटी आणायला जाऊ लागले तेव्हा कोयती आली. कोयत्याची धाकटी बहीण, हलकी, आखूड दांड्याची. ती घडताना मी लोहाराच्या भात्याशी बसून होते. ट्रकच्या कमानीचा पाटा आबांनी कुठूनसा मिळवला होता. हे पोलाद कोयत्याला जन्माचं चांगलं, कारण त्यात कार्बन शंभरात साधारण अर्ध्या भागाहून थोडा जास्त असतो, म्हणजे पाणी दिलं की ते कडक होतं. साधं लोखंड कितीही बुडवा, मऊच राहणार.

पण खरी गंमत पाणी दिल्यानंतरची. लाल पात्याची फक्त धार पाण्यात गेली, चर्र झालं, बाहेर आली. लोहारानं ती विटेच्या तुकड्यावर घासून चकचकीत केली आणि थांबला. पाठ अजून गरमच होती. तिची ऊब धारेकडे सरकू लागली आणि तिच्याबरोबर रंगही. आधी वाळक्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, त्यामागून जांभळट निळा. तपकिरी धारेला टेकला त्या क्षणी पातं परत पाण्यात. एक श्वास आधी बुडवलं असतं तर ऐनाच्या गाठीवर धारेचा तुकडा उडाला असता, एक श्वास उशीर झाला असता तर धार वळली असती. पाठ मात्र मऊच ठेवायची, घावाचा हिसका तीच पिते. त्याच्याकडे थर्मामीटर नव्हतं, आणि भाताच्या खळ्यावर त्याला मिळणाऱ्या धान्यात या डोळ्यांचे दाम कुणी वेगळे धरले नव्हते. दांडा धामणीचा बसवला. धामण लवचिक, मनगटाला हादरा पोचू देत नाही.

आजीनं कोयती हातात घेऊन अंगठा धारेवर आडवा फिरवला. “धार आडव्या अंगठ्यानं बघायची, उभ्या न्हाई,” एवढंच म्हणाली आणि कोयती माझ्याकडे दिली.

पुण्यात कॉलेजला गेले आणि डोंगर हा छंद असतो हे कळलं. मित्रमैत्रिणींच्या पाठपिशव्यांतून जे चाकू निघायचे ते बघून मी थक्क व्हायचे. पहिला पगार झाल्यावर मीही लाल मुठीचा स्विस चाकू घेतला. एल्सेनर नावाच्या कारागिरानं १८८४ साली कारखाना काढला आणि १८९७ मध्ये हा अधिकाऱ्यांचा चाकू बाजारात आणला. वस्तू अप्रतिम. चिमटा, कात्री, बुचाचा स्क्रू, डबा उघडायचं पातं. गंजतही नाही, आणि ज्या ताम्हिणीत २०२४च्या जुलैत चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस पडला, तिथे फिरणाऱ्याला हा गुण लहान नाही. पण खरं सांगते, त्या चाकूनं मी काकडी कापली, दोरी कापली, पायातला काटा काढला आणि बाकी सगळा वेळ तो खिशात असल्याचं समाधान बाळगलं. फांदी त्यानं तुटत नाही. तोडायचं कारणही नव्हतं. रानातलं माझं काम सुटलं होतं, म्हणून हत्यार लहान झालं होतं.

त्याच काळात ताम्हिणीच्या बाजूला एका कातकरी काकांच्या मागून चालत होते. उन्हाळा, बाटल्या कोरड्या. काकांनी उक्षीचा जाड वेल शोधला, कोयत्याचा पहिला घाव डोक्याच्या उंचीवर, दुसरा खाली गुडघ्याशी. हा क्रम उलटा केला तर पाणी वेलात वर ओढलं जातं. तुकडा उभा धरला आणि खालच्या टोकातून पाणी ठिबकायला लागलं. माझ्या चाकूत सतरा पाती होती का एकोणीस, तो वेल कापायला एकही कामाचं नव्हतं.

आता ते दृश्य तिथे दिसू नये असा कायदा आहे. ताम्हिणीचं अभयारण्य २०१३ साली जाहीर झालं, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्यात हत्याराची जी व्याख्या आहे तिच्यात बंदुकांच्या जोडीला सुरी आणि गळसुद्धा येतात. परवानगीशिवाय ते घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. मला हे पटतं, अर्धवट. माझा चाकू बाहेर राहिला तर माझं काही अडत नाही. काकांचा कोयता बाहेर राहिला की त्यांची चूल अडते. शस्त्रांच्या नियमांनी निदान भेद केला आहे. नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांवर निर्बंध घालताना त्यांनी घरगुती आणि शेतीच्या कामासाठी घडवलेली हत्यारं वगळली आहेत. पण कोयता शेतातून रस्त्यावर आला की त्याच्याकडे बघणारे डोळे बदलतात. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात कोयता घेणाऱ्याचं आधार कार्ड बघा, असं पोलिसांनी दुकानदारांना सांगितल्याच्या बातम्या होत्या. त्याआधी २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा येऊन गेलाच होता. जमीन विकलेल्या पोरांच्या हातात काय येतं ते प्रवीण तरडे यांनी दाखवलं, आणि आमच्या तालुक्याचं नाव सांगितलं की लोक हसत दोन पावलं मागे सरकू लागले. तिकडे उसाच्या फडात मुकादम नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतो, त्याची बातमी मात्र क्वचित होते.

घरामागच्या डोंगराला आता जागोजाग तारेचं कुंपण आहे. टहाळ तोडणारे कमी झाले, आणि ज्या उतारांवर आम्ही गवत कापायचो तिथे रानमोडीचं तण माजलं आहे. माझ्याकडे आज घडीची एक करवत आहे, मनगटाएवढी वाळकी फांदी ती आवाज न करता कापते. वाटेवर आडव्या पडलेल्या झाडापुरती ती पुरते. कोयती माळ्यावर नाही, दाराशीच आहे. नारळ सोलायला लागते.

गेल्या महिन्यात भाच्यानं ऑनलाइन एक चाकू मागवला. काळं पातं, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ, तिच्यात होकायंत्र, गळ आणि काड्या. मी मूठ उघडून आत बघितलं. पात्याचं शेपूट बोटभरही आत गेलेलं नव्हतं.

“पहिल्या घावाला हातात मूठ राहील आणि पातं जाईल दरीत,” मी म्हटलं.

“मग काय नेऊ, आत्या?”

“कुठे निघालायस ते सांग आधी.”

आमच्या वरच्या तुकड्यातली रानमोडी काढायला मित्रांना घेऊन जाणार होता. चांगलं काम. पण रानमोडी तोडली की बुडापासून पुन्हा दुप्पट फुटते, ती मुळासकट खणून काढावी लागते, तीही फुलं धरायच्या आत.

“कुदळ ने,” मी म्हटलं.

“बॅगेत मावणार नाही.”

“खांद्यावर घे.”