अब्बांचा आवाज आणि पन्नास हर्ट्झ

आपा फोनवर एवढंच म्हणाली, "भाई, ये अब्बा नहीं हैं."

मी तिला व्हॉट्सअॅपवर अब्बांची नात पाठवली होती. ऑक्टोबर 1989, मोहल्ल्यातल्या मिलादची रात्र. अब्बा विडी कारखान्यात मुन्शी होते. गाणारे म्हणून त्यांना कुणी ओळखत नसे. पण रबीउलअव्वल आला की आमच्या गल्लीतला माईक आधी त्यांच्या हातात जायचा. त्या रात्रीची साठ मिनिटांची एकच कॅसेट आमच्याकडे आहे. 1997 मध्ये अब्बा गेले. त्यांचा दुसरा कुठलाही आवाज घरात नाही.

कॅसेट कपाटात राहून चिकटायला लागली होती, म्हणून भाच्यानं ती कॉम्प्युटरवर उतरवली. मन लावून काम केलं पोरानं. सरसर काढली, घुं-घुं काढली, मागची कुजबुज, पोरांचं खोकणं, सगळं पुसलं. आवाज पाण्यानं धुतल्यासारखा स्वच्छ झाला. आणि आपा म्हणते, हे अब्बा नाहीत.

ही तक्रार घेऊन मी उस्तादांच्या दुकानात गेलो. गोंदियात रुळांच्या एका अंगाला बाजार आणि दुसऱ्या अंगाला रेलटोली. उस्तादांचं साऊंड सर्व्हिसचं दुकान बाजाराच्या अंगाला, गोरेलाल चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर. लग्न, उर्स, गणपती, भागवत सप्ताह, सगळीकडे यांचेच भोंगे. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागला की माणूस चार महिने दिवसा दिसत नाही. उरलेले आठ महिने संध्याकाळी तिथं बैठक असते. एक रेकॉर्डवाले मास्तर, ज्यांच्याकडे तव्यांचं कपाट आहे आणि त्या कपाटावरून घरी रोज भांडण आहे. एक निवृत्त वायरमन साहेब, वीजखात्यातले. कधी माझा भाचा. आणि मी, चहाचे पैसे देणारा.

उस्तादांनी सगळं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "मी का म्हणत होतो? डिजिटल म्हणजे आवाजाचा खिमा! सेकंदाचे तुकडे करता आणि मधलं फेकून देता. टेपवर आवाज अख्खा असतो मियाँ, अख्खा."

"उस्ताद, नाटकाले मिक्सर कोणता लावता तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"धंद्याची गोष्ट वेगळी."

"म्हणजे पोटाले डिजिटल आन् वादाले अॅनालॉग."

हा वाद त्या दुकानात निदान पंधरा वर्षं चालू आहे, आणि मी इतकी वर्षं मनातून उस्तादांच्या बाजूनं होतो. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. सीडीसाठी एका सेकंदात 44,100 वेळा आवाजाची उंची मोजतात. दोन मोजमापांच्या मधे जे झालं ते कुठं गेलं? पण हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनं आहे. नायक्विस्टनं 1928 मध्ये आणि शॅननानं 1949 मध्ये गणितानं दाखवलं की लहरीत जी सर्वांत वरची कंपनं आहेत, त्यांच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं तर मधलं काहीच हरवत नाही. त्या ठिपक्यांमधून त्या मर्यादेतली एकच लहर जाऊ शकते, दुसरी नाही. माणसाचा कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. त्याची दुप्पट 40,000, वर थोडी मोकळी जागा. पुस्तकात पायऱ्या-पायऱ्यांचं चित्र काढतात, तशा पायऱ्या स्पीकरपर्यंत पोचतच नाहीत; पुन्हा गुळगुळीत लहरच बाहेर येते. उलट टेपकडेच कमीपणा जास्त. फिलिप्सनं 1963 मध्ये ही कॅसेट काढली ती बोलणं टिपायला. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते, तिची स्वतःची सरसर असते आणि साध्या यंत्रात वरचे सूर अर्ध्या वाटेतच बसतात. अब्बांच्या कॅसेटमध्ये जे काही होतं, ते सगळं मावून सीडीत जागा उरली असती.

हे मी नाही, भाच्यानं सांगितलं. उस्ताद ऐकायला तयार नव्हते. मग मास्तरांनी तोडगा काढला: पडद्यामागून वाजवा. पडदा कसला, तंबूचं जुनं कापड. पोरानं एकदा टेप सरळ वाजवली, एकदा तीच टेप काहीही न पुसता कॉम्प्युटरमधून. दहा वेळा. दर वेळी उस्तादांनी डोळे मिटून फैसला दिला. दहापैकी पाच बरोबर.

"पाच तर बरोबर आले ना?" उस्ताद म्हणाले.

"नाणं उडवलं असतं तरी पाचच आले असते," वायरमन साहेब बोलले. ते फार कमी बोलतात, म्हणून जास्त लागतं.

म्हणजे आवाजाचा खिमा झाला नव्हता. मग आपाला अब्बा का सापडले नाहीत? न पुसलेली प्रत आम्ही पुन्हा लावली. मागं नॅरोगेजची शिटी होती. बालाघाट-जबलपूरकडं जाणारी ती छोटी गाडी; आता सगळं ब्रॉडगेज झालंय. कुणीतरी "सुभानअल्लाह" म्हणत होतं, दादीचा खोकला होता, आणि सगळ्याच्या खाली एक सपाट घुं-घुं. ती घुं-घुं काढताना पोरानं खालच्या पट्टीतलं बरंच काही कापलं होतं, त्यात अब्बांची छातीही गेली. तेवढं समजलं. पण न पुसलेल्या प्रतीतही अब्बा जरा पातळ, जरा घाईत वाटत होते. नात पुढं जाईल तसे आणखीच.

"पट्टी चढली आहे," मास्तर म्हणाले. त्यांना हा रोग ओळखीचा. जुन्या तव्यांना आपण अठ्ठ्याहत्तरचे म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात सगळे तवे नेमके मिनिटाला 78 फेऱ्यांवर कापलेले नसायचे. कुणी सत्तर-बहात्तर, कुणी ऐंशीच्या वर. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजाननं भोंग्यात तोंड घालून गायलं, तिथपासून हा घोळ आहे. एखाद्या जुन्या उस्तादाचा षड्ज काळी एकमध्ये होता की काळी दोनमध्ये, यावर जाणती माणसं आजही हातघाईवर येतात. तवा सांगत नाही की तो किती वेगानं कापला.

"ही टेप सांगते," वायरमन साहेब म्हणाले. "घुं-घुं मोजा."

आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. भारतातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करत येते, आणि वाईट वायरिंगमधून तीच गुणगुण माईकमध्ये शिरते, 50 वर आणि दुपटीनं 100 वर. अॅम्प्लिफायर विजेवर होता, तेव्हा गुणगुण विजेची. टेपवर ती 50 दिसली तर वेग बरोबर. पोरानं मोजलं. सुरुवातीला 51. नात संपताना 53.

म्हणजे त्या रात्री रेकॉर्डर हळू चालत होता आणि हळूहळू आणखी मंदावत होता. आज तीच फीत नेमक्या वेगानं वाजवली की सगळं चढतं; शेवटाला जवळजवळ अर्धा सूर.

"रेकॉर्डर कुणाचा होता?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी.

उस्ताद कपबशी बघत बसले. 1989 मध्ये ते अठरा-एकोणीस वर्षांचं पोर होते, वडिलांच्या भोंग्यामागं फिरणारं, आणि ती कॅसेट त्यांनीच भरली होती. बऱ्याच वेळानं म्हणाले, "अॅडाप्टर लावला की घुं-घुं वाढायची. म्हणून टू-इन-वनमध्ये सेल टाकले. जुने होते. नवे आणायला अब्बाजींकडे पैसे मागितले असते तर दोन थपडा बसल्या असत्या."

दुकानात जे हसू फुटलं ते मी लिहू शकत नाही. अख्ख्या आवाजाच्या वकिलाचेच सेल उतरले होते. आणि जी घुं-घुं टाळायला त्यांनी ते टाकले आणि जी पोरानं आधी पुसून टाकली, तिच्यावाचून वेग कळलाच नसता.

पोरानं त्या गुणगुणीचा दोर धरून सगळी नात ओढून 50 वर आणली. अब्बा खाली उतरले, संथ झाले. मास्तरांनी डोळे पुसले. ते अब्बांना भेटलेही नव्हते, त्यांना कशानंही भरून येतं.

"थांबा," वायरमन साहेब म्हणाले. "किती वाजताचं आहे हे?"

इशानंतरचं. आठ, साडेआठ.

"ऑक्टोबर. धानाचे पंप चालू, घरोघरी दिवे चालू. त्या काळी संध्याकाळी तुम्हाला 50 कोण देत होतं? मागणी वाढली की जनित्रं मंदावायची. 49 यायचं, कधी 48.5. मी ड्युटीवर मीटर पाहिलाय. 2002 नंतर ग्रिडला शिस्त आली."

मग आम्ही दुसरी प्रत केली, 48.5 धरून. पहिलीपेक्षा पाव सुरानं खाली. त्या रात्रीचा खरा आकडा आता कुणाकडेच नाही. कुणाच्या रजिस्टरात असला तरी ते रजिस्टर केव्हाच रद्दीत गेलं असेल.

आपाच्या गावात त्या दिवशी नेट बंद होतं. मग साधा फोन लावला आणि स्पीकरपुढं धरला. साधा मोबाईल कॉल म्हणजे डिजिटलचं सगळ्यात कंजूस रूप: खालचं-वरचं सगळं कापतो, आवाजाचं नुसतं माप पाठवतो आणि पलीकडे त्या मापावरून नवा आवाज शिवतो. आधी 50 ची प्रत वाजवली. पलीकडे शांतता. मग 48.5 ची. दादी खोकली तेव्हा आपा हसली, आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

"पहिलीवाली," ती शेवटी म्हणाली. "वो अब्बा हैं."

मला दुसरी वाटत होती. अजूनही वाटते. आपा तेव्हा एकोणीसची होती, मी नऊचा. मला अब्बा नेहमी खालून वर बघत ऐकू यायचे, कदाचित म्हणून मला ते जास्त खर्जातले आठवत असतील. मी तिच्याशी वाद घातला नाही. दोन्ही प्रती ठेवल्यात, न पुसलेल्या, दादीच्या खोकल्यासकट.

निघताना उस्तादांनी कॅसेट मागून घेतली. हेड साफ करून एकदा नीट वाजवून बघतो म्हणाले, या पोरांच्या यंत्राचा काय भरवसा. मी विचारलं, सेल टाकणार की अॅडाप्टर? त्यांनी मला एक अस्सल गोंदियाची शिवी दिली आणि त्या दिवशी चहाचे पैसे स्वतः दिले.