खोलीचं भाडं

आपल्या सभांत ‘खरं जगा’ म्हणणारे पुष्कळ. मीही म्हणत होतो. आज मी खोटं कसं जगलो ते लिहितो.

साल १९७९. आदल्या वर्षी जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. आमचं घर वाचलं, शेजारची तीन गेली. मी बी. ए. झालेला. पुण्यात एका कारखान्याच्या ऑफिसात कारकून म्हणून लागलो. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. पेठेतल्या वाड्यांत जिना चढायच्या आधी आडनाव विचारायचे. सांगितलं की खोली ‘कालच गेली’. चार वाडे झाले. पाचव्या ठिकाणी मी गावाच्या नावाला ‘कर’ लावला. लगेच चहा आला. खोलीचं भाडं साठ रुपये.

बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. सुकट-बोंबील बंद. वाड्यात गणपती बसला तेव्हा आरतीला टाळ्या वाजवल्या, प्रसादाला हात पुढं केला. त्याच रविवारी येरवड्याच्या अभ्यासवर्गात पोरांना बावीस प्रतिज्ञा समजावून दिल्या. गौरी-गणपतीला देव मानणार नाही, ही त्यातलीच. खोटं बोलणार नाही, हीसुद्धा त्यातलीच. बोलताना माझी जीभ एकदाही अडखळली नाही. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा १९६३ सालचा कथासंग्रह मी त्याच खोलीत वाचला. दाराला आतून कडी लावून!

मग माय आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, ठेचा, आणि माझ्यासाठी शिवलेली गोधडी. एस. टी. स्टँडवरच मी तिला बाजूला घेतलं.

‘‘माय, तिथं जयभीम म्हणू नको.’’

‘‘का रं?’’

‘‘नको म्हणलं ना.’’

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. वाड्यात मालकीणबाई चांगल्या बोलल्या. ‘आजी, बसा, प्रवास कसा झाला?’ मायनं नुसती मान हलवली. बोलली असती तर बोलीवरून सगळं कळलं असतं, हे तिला माझ्याआधी समजलं. दोन दिवस ती बाहेर कुणाशी बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी मला विचारलं, ‘‘आईंना ऐकायला कमी येतं का हो?’’

मी म्हणालो, ‘‘हो. लहानपणापासून.’’

माय दारातच उभी होती. तिनं ऐकलं.

परतीच्या गाडीला बसवायला गेलो. तिनं विचारलं, ‘‘भाडं किती देतूस?’’

‘‘साठ रुपये.’’

‘‘आन् म्या दोन दीस बहिरी ऱ्हायले, त्याचं?’’

गाडी सुटली. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मी तसाच खोलीवर गेलो आणि फोटो भिंतीवर लावला. नाही. अजून चार महिने मी तिथंच ‘कर’ होऊन राहिलो. शूर नव्हतो. एका रात्री मायची गोधडी काढताना ट्रंकेत फोटो हाताला लागला. काच तडकलेली होती. सकाळी खिळा ठोकला. मालकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी म्हणाले, भाचा येणार आहे, खोली लागेल. मी येरवड्याच्या वस्तीत पत्र्याच्या खोलीत आलो. माय पुन्हा आली तेव्हा तिनं उंबऱ्यातूनच मोठ्यानं ‘जयभीम’ घातला. आजूबाजूच्या चार दारांतून उत्तर आलं.

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, मी बाबासाहेबांच्या नावाला बट्टा लावला. मग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हाती आलं. १९९० साली ते छापलं गेलं. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला संस्थानच्या नोकरीवर गेले. राहायला जागा कुणी देईना. पारशी धर्मशाळेच्या रखवालदारानं दीड रुपया रोजावर ठेवून घेतलं, अट एकच: वहीत पारशी म्हणून नाव लिहायचं. त्यांनी लिहिलं. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला निघाले. हे दुसऱ्या कुणी उकरून काढलेलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलं आहे.

ते वाचून मला माझा हिशेब लागला. जो माणूस तुम्हाला हाकलण्यासाठीच खरं विचारतो, त्याचा तुमच्या खऱ्यावर काडीचा हक्क नाही. मालकाशी मी खोटं बोललो, त्याची मला आज लाज नाही. लाज आहे ती मायची. माझ्या खोट्याची किंमत तिनं भरली, आणि वर मी अभ्यासवर्गात प्रतिज्ञा शिकवत होतो.

आज वाडे गेले, फ्लॅट आले. आता एजंट विचारतो, ‘व्हेज का नॉनव्हेज?’ कॉलेजात विचारतात, ‘प्रवेशाला नंबर कितवा होता?’ प्रश्न तोच आहे, कपडे बदललेत. आपला एखादा पोरगा आडनाव गाळून राहत असेल तर त्याला सभेत ‘पळपुटा’ म्हणू नका. त्याच्या खोलीवर जा, त्याच्याबरोबर जेवा. तो एकटा आहे म्हणून लपलाय. चार दारांतून उत्तर येणार असेल तर तोही मोठ्यानं जयभीम घालेल.

आणि स्वतःला एक विचारा. आपल्या सोयीसाठी घरात कोण बहिरं झालंय? मीटिंग आपल्या घरी, समतेवरचं भाषण आपलं, आणि बायको आत गॅसपाशी अकरा कप चहा करते. तिला कधी विचारलंय, तुझं म्हणणं काय? तीही सगळं ऐकते. माझी माय ऐकत होती तशीच.

माय आता नाही. त्या दोन दिवसांबद्दल तिची माफी मागायची राहून गेली. तुमची माय असेल तर आजच घरी जा.