पडद्याआडचा कंठ

‘निंजा हातोरी’ हे जपानी व्यंगचित्र आमच्या हिंडलग्याच्या मुलांस हिंदीतून परिचित आहे. त्या हिंदी हातोरीचा कंठ मेघना एरंडे या मराठी कलावतीचा, याची मात्र त्यांना वार्ताही नसते. त्यांच्या लेखी हातोरीच बोलतो. कलावंताचे यश यातच खरे, पण त्याची उपेक्षाही येथूनच सुरू होते.

दुसऱ्याच्या मुखातून बोलण्याची विद्या आम्हांस नवी नाही. (आम्हां वकिलांचा तर तो चरितार्थच!) पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री खेळात बाहुली हलते, बोलतो तो सूत्रधार. वाय. के. पाध्ये यांनी तर ‘अर्धवटराव’ मांडीवर घेऊन, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, ओठ न हलवता त्यास बोलते केले. शब्दभ्रमाची ही कला मराठीत विशेषच बिकट मानावी. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्यावाचून उमटत नाहीत; शब्दभ्रमकार जिभेच्या साहाय्याने त्यांच्या जवळचा ध्वनी काढतो आणि उरलेले श्रोत्याचा कान भरून घेतो. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, पण त्यास शब्द निवडण्याची मोकळीक होती. अर्धवटरावास ‘बाबा’ म्हणायचे तर ‘बाबा’च म्हणावे लागते!

वाय. के. पाध्ये यांची विद्या पुत्र रामदास यांनी चालविली, व आता नातू सत्यजित चालवितात. ‘लिज्जत’ पापडाच्या जाहिरातीतील सशाचे ते हसणे रामदासांचेच. ‘झपाटलेला’ (१९९३) मधील तात्या विंचूची बाहुली त्यांनी घडविली, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. अमेरिकेतही डोनाल्ड डकला १९३४ पासून आवाज देणाऱ्या क्लॅरेन्स नॅश यांनी टोनी अ‍ॅन्सेल्मो यांस तो शिकविला, आणि १९८५ साली नॅश निवर्तले तरी बदक बोलतच राहिले. आमच्याकडे यास घराणे म्हणतात.

आता कायद्याकडे वळतो. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील ‘कलाकार’ या व्याख्येत नट-गायकांबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी हेही येतात. आवाज देणाऱ्याचा उल्लेख नाही, तरी ‘प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत तो सामावतो. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडले: चित्रपटात ज्याचे काम आनुषंगिक, आणि धंद्याच्या रीतीप्रमाणे ज्याचे नाव कोठेही दिले जात नाही, तो बहुतांशी कलाकार गणला जाणार नाही. प्रतिपक्षाचा वकील नेमके येथेच बोट ठेवील. श्रेयनामावलीतील एक ओळ ही केवळ मानाची बाब नव्हे, ती पुरावा आहे. करारावर सही करण्यापूर्वी ती ओळ मागून घ्यावी.

२०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राद्वारे नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. तेथे वादीचा आवाज कोणाचा, हे सिद्ध करावे लागले नाही. तो घरोघरी ओळखीचा होता. हातोरीच्या आवाजावर उद्या कोणी असाच हात टाकला, तर फिर्यादीस प्रथम एवढेच शाबीत करावे लागेल की हा कंठ माझा.