वाफेच्या खोलीत अण्णांबरोबर

अलीकडे माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला आहे. "डॉक्टर, आईचे गुडघे फार आखडतात, तिला स्टीम दिली तर चालेल का?" कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावीही आता व्यायामशाळेला लागून वाफेची खोली असते. पुण्या-नाशिकला नोकरी करणारी मुले दिवाळीला येताना घडी होणारा वाफेचा तंबू घेऊन येतात. या प्रश्नाला पूर्वी मी मान वर न करताच "चालेल की, अंग मोकळे होते" असे उत्तर देत असे. आता तसे देत नाही. त्याचे कारण माझ्याच घरात घडले आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, तालुक्यातील एका साखर कारखान्यात पॅनमन होते. उसाचा रस आटवून साखरेचे दाणे धरायचे, ते हे काम. हंगाम सुरू झाला की पाळ्या लागत, आणि अंगाला मळी व वाफ यांचा एक मिश्र वास येई. आम्हा भावंडांसाठी तो वडिलांचाच वास होता. आज त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे. गुडघे झिजले आहेत, पाठ सकाळी तासभर उठू देत नाही. जानेवारीतील एका थंड सकाळी मी त्यांना म्हणालो, "अण्णा, चला, आज वाफ घेऊन येऊ." ते हसले. "अरे, चाळीस हंगाम वाफेतच उभा होतो मी. ही तुमची वाफ मला काय करणार?"

आम्ही दोघे आत बसलो. अण्णा हौसेने वरच्या पायरीवर बसले. गरम हवा वर चढते, त्यामुळे तेथेच ताप अधिक असतो, हे मला ठाऊक होते. तरी मी बोललो नाही. पाच-सात मिनिटांत त्यांचा चेहरा सैलावला. "पाठ सुटली बघ," असे ते म्हणाले तेव्हा मला फार बरे वाटले, हे मान्य केले पाहिजे. बाराव्या मिनिटाच्या सुमारास "पुरे आता" म्हणून ते एकदम उठले, दोन पावले टाकली आणि दारापाशी त्यांचे गुडघे वाकले. मी त्यांना धरले म्हणून डोके फरशीच्या कडेवर आपटले नाही. त्यांना तेथून उचलून बाहेर गार हवेत आडवे केले, पाय बाकावर ठेवले. गाडीतील यंत्र आणून रक्तदाब पाहिला, तर वरचा आकडा 84 होता. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले आणि पहिला शब्द उच्चारला, "पाणी."

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "बाहेर जायचे, लघवीला लागले तर कुठे शोधत बसू?" वृद्ध माणसे घराबाहेर पडताना पाणी टाळतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यातच प्रोस्टेटची गोळी ते रात्री घेत, आणि रक्तदाबाची सकाळी. त्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले आहे. दोन्ही गोळ्यांची नावे आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवलेली आहेत, माझ्याच अक्षरात. तेवढा कागद मी घराबाहेर पडताना वाचला असता!

येथे शरीरात काय घडते ते समजून घेऊ. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो, तरी कूलर लावला की खोली गार होते, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. तोच कूलर पावसाळ्यात मुंबईला नेला तर निरुपयोगी ठरतो. घामाचेही तसेच आहे. घाम उडून गेला तरच शरीर थंड होते. वाफेच्या खोलीत तापमान साधारण 40 ते 50 अंश सेल्सिअस असते, पण हवा पाण्याने भरलेली असते. घाम अंगावरून नुसता वाहतो, उडत नाही. मग उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेखालच्या रक्तवाहिन्या फैलावते, रक्त त्वचेकडे वळते, रक्तदाब उतरतो आणि हृदयाला अधिक वेगाने धावावे लागते. तरुण माणूस उठून उभा राहिला की त्याच्या रक्तवाहिन्या तत्काळ आकुंचन पावतात. वृद्धांत ही क्रिया मंदावते, आणि रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या काही गोळ्या तिला आणखी अडवतात. तहानेची जाणीवही वयाबरोबर कमी होते. राहिला अण्णांचा चाळीस हंगामांचा दाखला. उष्णतेची सवय शरीराला लागते हे खरे, पण ती काही आठवड्यांतच मोडते. अण्णांना निवृत्त होऊन वीस वर्षे झाली.

मी एमबीबीएस आहे, आयुर्वेदाचा अभ्यासक नव्हे. तरी त्या प्रसंगानंतर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा, स्वेदनाचा अध्याय मी आवर्जून वाचला. त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार आहेत. मला अधिक महत्त्वाची वाटली ती कोणाला स्वेदन देऊ नये याची यादी. तिच्यात गर्भिणी आहे, मधुमेही आहे, तहानलेला आणि भुकेला आहे. रागावलेला आणि शोकात असलेलाही आहे. हृदयाच्या जागी शेक अगदी सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असेही तेथे बजावले आहे. अण्णा त्या दिवशी तहानलेले तर होतेच, न्याहरीही नुसत्या चहावर झाली होती.

फायद्यांविषयी बोलायचे तर वाफेने आखडलेले स्नायू व सांधे काही तास सैल होतात, मन शांत होते, अनेकांना त्या रात्री झोप चांगली लागते. वृद्धापकाळात हे थोडे नव्हे. परंतु झिजलेली कूर्चा वाफेने भरून येत नाही, आणि वाफेनंतर काट्यावर कमी दिसणारे वजन हे केवळ पाण्याचे असते. घामावाटे विषारी द्रव्ये निघून जातात, ही जाहिरातीतील भाषा आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. फिनलंडमधील एका अभ्यासाचा दाखला हल्ली सर्रास दिला जातो. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 42 ते 60 वयाच्या 2,315 पुरुषांची सुमारे वीस वर्षे नोंद ठेवली होती, आणि आठवड्यातून अनेकदा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. मात्र ती सौना कोरड्या हवेची होती, आणि ते पुरुष मध्यमवयीन होते. शिवाय ज्याची प्रकृती मुळात ठणठणीत, तोच आठवड्यातून चार-पाच वेळा सौनात बसू शकतो. आपल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

म्हणून आता मी नातेवाइकांना आधी औषधांची पिशवी आणायला सांगतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, छातीत वरचेवर दुखत असेल, हृदयाची झडप अरुंद असेल, ताप असेल किंवा शस्त्रक्रियेची जखम ओली असेल, तर माझे उत्तर स्पष्ट नकाराचे असते. सुजलेल्या, लाल झालेल्या सांध्यालाही वाफ नको. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना चटका बसला तरी कळत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांत गरम त्वचेतून ते लवकर शोषले जाऊन साखर अचानक उतरू शकते. वेदनेसाठी त्वचेवर पट्टी लावली असेल, तर तिच्यातील औषधही उष्णतेने जास्त वेगाने अंगात जाते.

ज्यांना परवानगी देतो त्यांनाही पहिल्या दिवशी पाचच मिनिटे, खालच्या पायरीवर. पुढे दहाच्या वर नाही. जेवून दीड-दोन तास झालेले असावेत, आधी पेलाभर पाणी प्यावे (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून). उठताना आधी मिनिटभर पाय हलवत बसावे, मग आधार घेऊन उभे राहावे. घरच्या तंबूचीही तीच गत. त्याची चेन वृद्ध व्यक्तीला आतून उघडता येते का, हे आणलेल्या दिवशीच पाहावे. चक्कर आली तर बाहेर काढून आडवे करावे, पाय उंच ठेवावेत. छातीत दुखू लागले, बोलणे असंबद्ध झाले किंवा दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर 108 ला फोन करावा.

अण्णा पुन्हा वाफेला जातील असे मला वाटले नव्हते. आईने तर त्या खोलीचे नावही घरात काढू दिले नाही. दोन महिन्यांनी त्यांनीच विषय काढला. रक्तदाबाची गोळी मी बदलली होती. आता महिन्यातून दोनदा आम्ही जातो. ते खालच्या पायरीवर बसतात, मी दाराबाहेर स्टुलावर घड्याळ घेऊन. मधून मधून मी "अण्णा?" अशी हाक मारतो आणि आतून "आहे, आहे" असे उत्तर येते. निघण्यापूर्वी तेथील स्वच्छतागृह कोठे आहे ते मी त्यांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवले, तेव्हापासून ते घरून पाणी पिऊन निघतात.